स्क्रीन बंद ठेवून दिलेला डेमो

“ताई, इथे बटण आहे असं तुम्ही म्हणता. माझ्यासाठी इथे भिंत आहे,” मिलिंदभाऊ म्हणाले आणि त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले.

धुळ्यातलं त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हते. मी सकाळच्या एसटीने जळगावहून आले होते. मिलिंदभाऊंना जन्मापासून दिसत नाही. पाठ, मान, गुडघे यांचं त्यांना बोटांनी जेवढं कळतं तेवढं पुरतं, आणि धुळ्यात त्यांचं नाव आहे. साक्री-शिरपूरकडून लोक येतात. अपॉइंटमेंटसाठी ते आमच्या कंपनीचं वेब अ‍ॅप वापरत होते. म्हणजे ते नाही, त्यांच्या पत्नी सुषमावहिनी वापरत होत्या. क्लिनिकचं टेबल, फोन, वेळा, सगळं वहिनी बघायच्या. त्यांना अ‍ॅप आवडलंही होतं. त्यामुळे आमच्याकडे कधी तक्रार आली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आता वहिनींना जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली होती. साक्री तालुक्यात, डोंगराकडच्या एका गावात. किती वर्षांपासून त्या वाट बघत होत्या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. म्हणजे दिवसभर क्लिनिकच्या टेबलावर कुणी नाही.

“एखादा माणूस ठेवला तर?” मी विचारलं.

“ठेवून पाहिला. तो सुटीवर गेला की मी आंधळा,” मिलिंदभाऊ म्हणाले. “एरवी मी आंधळा नाही, नुसतं दिसत नाही.”

असं बोलून ते स्वतःच मोठ्याने हसतात. समोरच्याने हसायचं की नाही, हे ठरेपर्यंत ते पुढच्या विषयावर गेलेले असतात.

आता इथे धंद्यातली थोडी माहिती द्यायला हवी. ज्यांना दिसत नाही ते लोक कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतं. मिलिंदभाऊंनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय, की आपल्याला तो तेलात मोहरी तडतडावी तसा ऐकू येतो. त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळतो. माऊसचा त्यांना उपयोग नाही, सगळं कीबोर्डवर. टॅब दाबला की एका बटणावरून पुढच्या बटणावर जायचं.

आमचं कॅलेंडर दिसायला देखणं होतं. आठवडाभराचे चौकोन, प्रत्येक वेळेला एक. पेशंटच्या नावाची पट्टी माऊसने उचलायची आणि हव्या त्या चौकोनात ठेवायची. पान पुन्हा लोड होत नाही, सगळं जागच्या जागी बदलतं. ते कॅलेंडर मीच केलेलं. पण ते चौकोन खरी बटणं नव्हती. ती नुसती चित्रं होती, माऊस लागला की हलणारी. ब्राउझरला आम्ही कुठेच सांगितलं नव्हतं, की बाबा, हे बटण आहे, याचं नाव ‘गुरुवार, सकाळी अकरा’. त्यामुळे टॅब दाबला की स्क्रीन रीडर वरच्या लोगोवरून थेट तळाच्या ‘आमच्याविषयी’वर उडी मारायचा. मधलं अख्खं कॅलेंडर त्याच्या लेखी नव्हतंच.

“पंधरवड्यात होईल का?” मिलिंदभाऊंनी विचारलं. “तिला तेवढ्यात हजर व्हायचंय.”

“प्रयत्न करते,” मी म्हटलं.

निघताना वहिनी मला सोडायला खालपर्यंत आल्या. जिन्यात थांबल्या.

“वैशालीताई, खरं सांगा. जमेल का हे? नाही जमलं तर मी हजर होणार नाही. यांना नका सांगू. सांगितलं तर हे क्लिनिक बंद करतील पण मला पाठवतील.”

बघू म्हटलं आणि रिक्षात बसले. स्टँडवर पोचते तोच मिलिंदभाऊंचा फोन.

“ताई, एक राहिलं. तुमचं जमलं नाही तरी सुषमा जाणार आहे. मी सकाळची वेळ बंद करून संध्याकाळी ती घरी असेल तेवढंच काम करीन. तिला बोलू नका यातलं.”

दोघांनी एकेक गुपित माझ्या गळ्यात घातलं. जळगावपर्यंतच्या प्रवासात झोप काही लागली नाही.

ऑफिसात वेगळीच गडबड होती. त्याच पंधरवड्यात जळगावात एका कॉलेजच्या सभागृहात वेबवाल्यांची परिषद होती. खान्देशात अशी परिषद पहिल्यांदाच होत होती. पुणे, नाशिक, सुरतेहून लोक येणार होते. विषयाचं नाव जरा जुन्या वळणाचं, ‘रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशन्स आणि वापरसुलभता’. रिच म्हणजे आपण एरवी समजतो ते श्रीमंत नव्हे. पान पुन्हा लोड न होता आतल्या आत सगळं चालणाऱ्या, कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामसारख्या वागणाऱ्या वेबसाइटला आमच्यात असं म्हणतात. आमच्या कॅलेंडरचा डेमो त्यात ठरला होता. नाशिकच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या संचालक बाई तो बघायला येणार होत्या. आमचे बॉस चौधरी सर गेले काही आठवडे त्याच एका गोष्टीत होते. पट्टी उचलली की तिची सावली पडावी, चौकोनात टाकली की तिने हलकी उसळी घ्यावी, असं त्यांनी खास करून घेतलं होतं.

मी त्यांना धुळ्याचं सांगितलं. गुपितं सोडून.

“वैशाली, एका क्लिनिकसाठी अख्खं कॅलेंडर आतून खोलायचं? आणि तेही आत्ता?”

“दिसायला तेच राहील, सर. फक्त आतून बदलतेय.”

“मग परिषदेत नवीन काय दाखवायचं?”

पण सरांनी नाही म्हटलं नाही. त्यांचा स्वभाव तसा आहे. कुरकुरतात, पण अडवत नाहीत.

कामाला बसले ती पहिल्यांदा माऊस काढून ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी मॉनिटरची वायर काढली आणि कानात हेडफोन घातला. ऑफिसातली पोरं येऊन बघून जायची. मला स्वतःचंच अ‍ॅप सापडत नव्हतं. लॉग-इनच्या पानावर पासवर्ड टाकून एंटर दाबलं, की आत शिरले की बाहेरच राहिले, ते कळायला मार्ग नव्हता.

पहिलं काम सोपं होतं. चित्रातले चौकोन काढून खरी बटणं घातली, प्रत्येकाला नाव दिलं. दुसरं काम अवघड. आमच्या अ‍ॅपमध्ये अपॉइंटमेंट सेव्ह झाली की वर एक हिरवी पट्टी यायची आणि क्षणात जायची. ज्याला दिसतं त्याला ते पुरतं. ज्याला दिसत नाही त्याला काहीच घडलेलं नसतं. बटणं झाल्यावर मिलिंदभाऊंना करून बघायला दिलं, तेव्हा त्यांनी एकाच पेशंटला दोन-दोनदा नोंदवलं, त्याचं कारण हे. शिवाय पेशंट स्वतःही मोबाइलवरून वेळ घेऊ शकतात. म्हणजे तुम्ही कॅलेंडर उघडून बसलेले असताना एखादी रिकामी वेळ तुमच्या डोळ्यांदेखत भरते. डोळ्यांदेखत भरते हे ठीक, कानांना कोण सांगणार? त्यासाठी पानात एक अदृश्य जागा ठेवता येते. तिथे मजकूर बदलला की स्क्रीन रीडर तो आपणहून बोलतो. ती जागा आम्ही केली.

मी खूश होऊन मिलिंदभाऊंना नवी लिंक पाठवली. तासाभरात फोन आला.

“ताई, तुमचं अ‍ॅप आधी मुकं होतं. आता ते चावडीवरच्या माणसासारखं झालंय. गुरुवारची वेळ ऐकायला मला सोमवारपासून सगळं ऐकावं लागतं. वर कुणी कुठेही वेळ घेतली की मध्येच ओरडतं. आणि साडेदहाला ते ‘दहा कोलन तीस’ का म्हणतं?”

मी ऐकलं तर खरंच. बोलायला लावताना कुठे गप्प बसायचं ते शिकवायचं राहून गेलं होतं.

पुढचे दिवस मी भर घालण्याऐवजी काढण्यात घालवले. काय बोलायचं नाही, याची छाननी केली. तुम्ही ज्या दिवसावर आहात त्याच दिवसात बदल झाला तर बोल, नाहीतर गप्प राहा. बाणाच्या बटणांनी दिवस बदलायचे, वरच्या-खालच्या बाणांनी वेळा. आणि सगळ्यात वर एक साधी पेटी, तिच्यात ‘गुरुवार ११’ असं टाइप केलं की अ‍ॅप एवढंच म्हणणार, ‘रिकामी आहे’ किंवा ‘भरलेली आहे, पुढची साडेअकरा’. ती पेटी करायला सगळ्यात कमी वेळ लागला. तीच आधी का सुचली नाही म्हणाल, तर कॅलेंडर म्हटलं की माझ्या डोक्यात चौकोन यायचे.

पुन्हा धुळ्याला गेले. मिलिंदभाऊ बसले, मोहरी तडतडायला लागली. त्यांनी एक नाव टाकलं, एक बदललं, एक रद्द केलं. मग खुर्ची मागे सरकवली.

“चालेल.”

एवढंच. मी आणखी काहीतरी ऐकायच्या तयारीत होते.

“परिषदेत हे कोण दाखवणार?” त्यांनी विचारलं.

“मीच. मॉनिटर बंद ठेवून.”

“तुम्ही डोळे मिटून दाखवाल, लोकांना नाटक वाटेल. मी येतो.”

चौधरी सरांना सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“आणि स्टेजवर अडकले तर?”

“तर सगळ्यांसमोर अडकतील, सर.”

“हे तू मला धीर द्यायला सांगतेयस?”

शेवटी तोडगा निघाला. आधी सर ड्रॅग-अँड-ड्रॉप, म्हणजे पट्टी उचलून टाकणं, दाखवणार, मग मिलिंदभाऊ.

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. जेवणात भरीत-पुरी आहे ही बातमी फुटली होती, त्यामुळे सकाळी आलेलं कुणी निघून गेलं नाही. मिलिंदभाऊ इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत, शेजारी सुषमावहिनी. वहिनींनी हजर व्हायचं की नाही, ते अजून घरात ठरलेलं नव्हतं. दोघं एकमेकांशी फार गोड बोलत होते, त्यावरून मला ते कळलं.

सर स्टेजवर गेले. बोलतात छान. पण स्टेजवरच्या लॅपटॉपचा टचपॅड आमच्या माऊससारखा नव्हता. पट्टी उचलली, तिची सावली पडली, सगळ्यांनी पाहिली. चौकोनात सोडायला गेले तर ती सुटेना. जिथे बोट जाईल तिथे पेशंट मागे. मंगळवार, बुधवार, पुन्हा मंगळवार. शेवटी सुटली ती रविवारी, सुटीच्या दिवशी. हॉल हसला. सरही हसले, मात्र कान लाल झाले होते.

मग मिलिंदभाऊ. मी त्यांना खुर्चीपर्यंत नेलं आणि बाजूला उभी राहिले.

“प्रोजेक्टर बंद करा,” ते माइकवर म्हणाले. “मला नाही दिसत, तर तुम्हाला तरी का?”

पडदा काळा झाला. स्पीकरमधून स्क्रीन रीडरचा आवाज सुटला. कुणाला ओ की ठो कळलं नाही. मिलिंदभाऊंनी वेग निम्म्यावर आणला, मग लोकांच्या माना हलायला लागल्या. डेमोसाठी आम्ही एक खोटं क्लिनिक तयार ठेवलं होतं, खोट्या पेशंटचं. त्यांनी पेटीत वार आणि वेळ टाकली. ‘रिकामी आहे.’ नाव टाकलं. ‘सेव्ह झाली.’ सगळं नीट चाललं होतं आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

आयोजकांच्या कपाळाला आठ्या. मिलिंदभाऊंनी फोन काढला, नाव ऐकलं आणि माइकजवळच उचलला. पलीकडून मोठ्याने बोलणारा म्हातारा माणूस. अर्ध्या हॉलला ऐकू गेलं.

“डॉक्टर, मी साक्रीना नाना बोली ऱ्हायनू. मनी कंबर धरायी गयी. सकाय येऊ का?”

सकाय म्हणजे अहिराणीत उद्या. मला वाटलं, मिलिंदभाऊ म्हणतील, नंतर फोन करतो. हे पन्नासेक वेबवाले, ती नाशिकची बाई, सगळे समोर बसलेत. पण नानांची कंबर धरली होती.

“या ना, नाना. थांबा, देखस,” ते म्हणाले. पाहतो.

मग हॉलकडे वळून म्हणाले, “मंडळी, हा खरा पेशंट आहे. खरी नावं तुम्हाला ऐकवता येणार नाहीत.” आणि त्यांनी लॅपटॉपला इअरफोन लावला, खोटं क्लिनिक बंद केलं, स्वतःचं उघडलं.

आता पडदा काळा आणि आवाजही नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी, पण अ‍ॅप काय बोलतंय ते मला कळायला मार्ग नव्हता. नुसती बोटं दिसत होती. फोन खांद्यात धरलेला, बोटं कीबोर्डवर. खोट्या क्लिनिकमध्ये आम्ही सगळं तपासलं होतं. खऱ्यात मात्र एकाच वेळी पेशंट मोबाइलवरून वेळा घेत असतात, आणि सकाळच्या वेळा भराभर जातात.

“अकरा चाली का, नाना?” मिलिंदभाऊंनी विचारलं. पलीकडून हो आलं. त्यांनी नाव टाइप करायला घेतलं आणि मध्येच बोटं थांबली. डोकं एका बाजूला कललं.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सुषमावहिनींचा हात पर्समध्ये होता. इतक्या वर्षांची सवय. असा फोन आला की त्या स्वतःच्या मोबाइलवर कॅलेंडर उघडायच्या आणि नवऱ्याला वेळ सांगायच्या. मोबाइल अर्धा बाहेर आला होता.

“नाना,” मिलिंदभाऊ फोनवर म्हणाले, “अकरानी येळ आत्तेच गयी. कोणीतरी लई लिनी. साडेअकराले या.”

“चाली, येसू,” नाना म्हणाले.

दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवरून ती वेळ घेतली होती, आणि अ‍ॅपने ते योग्य क्षणी, एकदाच, कानात सांगितलं होतं. मी पुन्हा वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मोबाइल पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

टाळ्या झाल्या, पण मिलिंदभाऊंना त्या अडचणीच्या वाटल्या. “अहो, अपॉइंटमेंट दिली मी, दुसरं काय केलं?” ते म्हणाले.

नाशिकच्या बाईंनी हात वर केला. “आमच्या रिसेप्शनिस्टना दिसतं. त्यांना याचा काय उपयोग?”

मी माइक घ्यायला पुढे झाले, पण मिलिंदभाऊंनीच उत्तर दिलं. “तुमच्या रिसेप्शनिस्टच्या एका हातात फोन असतो ना, मॅडम? समोर तीन माणसं उभी असतात. ती पट्टी कधी उचलणार आणि कुठे सोडणार?”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चौधरी सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “हा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही ते बरं झालं.”

जेवताना मिलिंदभाऊ आणि वहिनी माझ्याच टेबलावर होते. मिलिंदभाऊंनी भरीत पुन्हा वाढून घेतलं आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, “मग, सोमवारी साक्रीची गाडी किती वाजता?”

“सहाची आहे,” वहिनी म्हणाल्या. “आणि तुमचा डबा मी रात्रीच करून ठेवणार नाही. डाळ-भात लावता येतो तुम्हाला.”

“येतो की.”

ते दोघं माझ्याकडे वळले, म्हणजे एक बघून आणि एक माझ्या दिशेला तोंड करून. मी आणखी एक पुरी वाढून घेतली. दोन्ही गुपितं निरुपयोगी झाली होती, आता ती कुणाला सांगायची?

सोमवारी वहिनी हजर झाल्या. डोंगरातली शाळा, दोन वर्ग एका खोलीत. त्या तिथे रमल्या आहेत. क्लिनिक दोन्ही वेळ चालू आहे. नाशिकच्या हॉस्पिटलने काही महिने विचार करून अ‍ॅप घेतलं. त्यांच्याकडे ट्रेनिंग द्यायला मी गेले होते. सगळ्या रिसेप्शनिस्ट वरच्या पेटीत वार आणि वेळ टाइप करतात, एका हाताने. आमच्या इतर क्लिनिकांतही आता तेच चालतं. पट्टी उचलून टाकणं अजून आहे, तिची उसळीही आहे, कारण चौधरी सरांचा त्यात जीव आहे. ती फक्त डेमोत वापरतात. आणि डेमोला सर स्वतःचा माऊस घेऊन जातात.

मिलिंदभाऊंचे फोन मात्र थांबलेले नाहीत. मध्यंतरी आमच्या मार्केटिंगवाल्यांनी लॉग-इनच्या पानावर सणाच्या शुभेच्छांची फिरती पाटी लावली. “ताई, मी दारात उभा आहे आणि तुमचं अ‍ॅप मला आत न घेता शुभेच्छा देतंय,” असा फोन आला. पाटी काढली. मग शनिवारच्या अर्ध्या दिवसाची वेळ चुकीची सांगतंय म्हणून आला. तेही केलं. ऑफिसातल्या नव्या मुलीने मला विचारलं, की हे क्लायंट एवढी कटकट करतात, तर तुम्ही वैतागत कशा नाही? तिला म्हटलं, कटकट करतायत तोवर ते अ‍ॅप वापरतायत. ज्या क्लायंटकडून वर्षभर एकही फोन येत नाही, तिथे एकदा जाऊन बसून बघ.